तळहातावरची अक्षरे

इ. स. १८८० च्या ऑक्टोबर महिन्याची ७ तारीख होती. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या दक्षिण भागात एका उंचवट्यावर, पूर्वी हॉटेल म्हणून बांधलेली एक प्रशस्त इमारत उभी होती. त्या इमारतीत पर्किन्स अंधशाळा भरत असे. त्या दिवशी शाळेत एक नवी विद्यार्थिनी आली. तिचे वय चौदा वर्षांचे होते. तिच्याजवळ एक लहानसे बोचके होते आणि त्यात कपडे म्हणावे असे फारच थोडे होते. रात्री निजण्याची वेळ झाली, तेव्हा तिच्यापाशी रात्री घालावयाचा झगादेखील नाही, असे आढळून आले. दुसऱ्या एका मुलीचा झगा मागून आणून तो तिला देण्यात आला. परक्या घरात, परक्या अंथरुणावर, परक्याचे वस्त्र अंगावर घालून ती मुलगी त्या रात्री निजली.

तिचे नाव ॲन सुलिव्हन. सर्वजण तिला ॲनी म्हणत. जगप्रसिद्ध झालेल्या आणि १९५५ साली भारतातही येऊन गेलेल्या अंध-बधिर विदुषी हेलन केलर यांच्या गुरू म्हणून हे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. परंतु गुरू होण्यापूर्वी ॲनी शिष्या होती. आणि शिष्या होण्यापूर्वी ती एक पोरकी, दुखावलेली मुलगी होती. ती कथा फारशी सांगितली जात नाही. खुद्द ॲनीनेच ती वयाची साठी उलटेपर्यंत मनात दडवून ठेवली होती.

ॲनीचे आईबाप मूळचे आयर्लंडचे. दुष्काळाने मोडून गेलेला आपला देश सोडून ते पोटासाठी अमेरिकेत आले होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फीडिंग हिल्स या खेड्यात १४ एप्रिल १८६६ रोजी ॲनीचा जन्म झाला. ती पाच-सहा वर्षांची असतानाच तिच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या. घरात अठरा विश्वे दारिद्र्य. वेळेवर नीट औषधपाणी झाले नाही आणि तिची दृष्टी हळूहळू मंदावत गेली. पुढे आई क्षयाने वारली. बाप दारूच्या आहारी गेलेला. त्याने लवकरच मुलांना वाऱ्यावर सोडले. एका धाकट्या बहिणीला नातलगांनी नेले. उरली दोघे : जवळजवळ आंधळी ॲनी आणि कमरेच्या सांध्याच्या क्षयाने लंगडत चालणारा तिचा धाकटा भाऊ जिमी. या दोघांना सांभाळावयास कोणीही तयार होईना. तेव्हा २२ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांची रवानगी ट्यूक्सबरी येथील निराश्रितांच्या सरकारी आश्रयगृहात झाली.

तेथे म्हातारे, रोगी, वेडे, अपंग असे सर्व प्रकारचे लोक एकत्र ठेवलेले असत. पुरुषांचा भाग वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा. जिमीला पुरुषांकडे पाठवावे असे ठरत होते. परंतु ॲनीने असा आकांत मांडला, की अधिकाऱ्यांनी अखेर दोघांना एकत्र राहू दिले. स्त्रियांच्या दालनाच्या टोकाला एक लहान खोली होती. कोणी मेले की पुरण्यास नेईपर्यंत प्रेत तेथे ठेवीत. ती खोली बहुधा रिकामी असे, म्हणून ही दोन भावंडे तेथे बसून जुन्या मासिकांतील चित्रे कातरून खेळत. मुलांना खेळावयास जागा हवी असते. तिचा उपयोग कशासाठी होतो, हे ती विचारीत बसत नाहीत.

आश्रयगृहात येऊन तीन महिने होतात न होतात तोच जिमीचे दुखणे बळावले. एका रात्री ॲनी जागी झाली. तिने सवयीने हात पुढे केला, तो शेजारची खाट जागेवर नव्हती. अंधारात चाचपडत ती त्या खोलीकडे गेली. खोलीत खाट होती. तिने चादरीखाली हात घातला आणि थंड पडलेल्या जिमीचा स्पर्श होताच ती किंकाळी फोडून खाली कोसळली. त्या वेळी ती दहा वर्षांची होती.

त्यानंतर आणखी चार वर्षे ॲनी त्याच ठिकाणी राहिली. मधल्या काळात तिच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. गुण मात्र आला नाही. आंधळ्या मुलांसाठी शाळा असतात, एवढी एकच बातमी तेथे तिच्या कानावर आली होती. ती तिने घट्ट धरून ठेवली. १८८० मध्ये फ्रँक सॅनबॉर्न नावाचे एक बडे अधिकारी आश्रयगृहाच्या पाहणीसाठी आले. त्यांच्याबरोबर इतरही मंडळी होती. ॲनी त्यांच्या मागोमाग दालनादालनांतून फिरत राहिली. त्यांतले सॅनबॉर्न कोणते, हे तिला दिसत नव्हते. पाहुणे निघून जाण्याच्या बेतात आहेत असे वाटताच ती त्या घोळक्यात घुसली आणि ओरडली, "सॅनबॉर्नसाहेब, मला शाळेत जायचे आहे!" हे धाडस फळास आले. थोड्याच दिवसांनी तिला पर्किन्सला पाठविण्याचा हुकूम आला.

शाळा मिळाली, पण शाळेत जाणे आणि शाळेतले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ॲनीला पहिल्याच दिवशी कळून चुकले. वर्गात तिला नाव विचारले, वय विचारले. नावाची अक्षरे सांग म्हटले, तेव्हा ती गप्प राहिली. तिला एकही अक्षर येत नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीला आपले नाव लिहिता येऊ नये, याचे इतर मुलींना हसू आले. तिला अगदी लहान मुलांच्या वर्गात बसविण्यात आले. त्या वेळी पर्किन्समध्ये कागदावर उठावाने छापलेली रोमन अक्षरे बोटांनी चाचपून वाचीत. जी अक्षरे सात-आठ वर्षांची पोरे भराभर वाचून जात, त्यांवर ॲनीची बोटे अडखळू लागली.

इतर मुली बहुतेक चांगल्या घरांतून आलेल्या होत्या. त्यांना दृष्टी नव्हती, तरी घर होते. त्यांना पत्रे येत. सुट्टी लागली की कोणीतरी न्यावयास येई. ॲनीला विचारणारे कोणी नव्हते. आणि ती कोठून आली हे तरी तिने कोणाला कसे सांगावे? ट्यूक्सबरीचे नाव काढले तर या मुली आपल्याला जवळ उभे करणार नाहीत, अशी तिला धास्ती वाटे. म्हणून तिने जिमीचेही नाव काढले नाही. दुःख सांगता आले तर ते थोडे हलके होते. सांगता आले नाही तर ते दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. ॲनीचे दुःख रागाच्या वाटेने बाहेर पडू लागले. शिक्षिकांना उलट उत्तरे देणे, नियम मोडणे, कोणी हसले तर फणकारून उठणे हा तिचा नित्यक्रम झाला. शाळेचे प्रमुख मायकेल अनाग्नोस हे मूळचे ग्रीस देशाचे, मोठे विद्वान आणि शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी तिचे नावच ठेवले, आग ओकणारी पोर!

तरीही तिच्या बुद्धीची चमक काही जणांच्या ध्यानात आली. साहित्य शिकविणाऱ्या मेरी मूर या त्यांतल्या एक. ॲनीच्या उद्धटपणाकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. त्या तिला शेक्सपिअर वाचून दाखवीत राहिल्या. भांडावयास कोणी समोर उभे राहिले तर ॲनी भांडे. परंतु जी बाई भांडतच नाही आणि उलट राजाराण्यांच्या अद्भुत गोष्टी सांगते, तिच्यापुढे करावयाचे काय? त्या तासाला ॲनी निमूट बसू लागली.

१८८१ ची उन्हाळ्याची सुट्टी आली. मुली घरोघर गेल्या. ॲनीला जाण्यासाठी घर नव्हते, म्हणून भाड्याने खोल्या देणाऱ्या बॉस्टनमधील एका घरी तिला कामास ठेवण्यात आले. तेथे राहणाऱ्या एका गृहस्थाने तिचे डोळे पाहून तिला कार्नी रुग्णालयात जाण्यास सुचविले. त्या वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरी, अशा दोन शस्त्रक्रिया तेथे झाल्या. या वेळी यश आले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ॲनीला खिडक्या, नदी, माणसांचे चेहरे दिसू लागले; ताण पडला तरी छापील पुस्तक डोळ्यांनी वाचता येऊ लागले. आता मोठा चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. जिला दिसते, तिला अंधांच्या शाळेत ठेवावयाचे कसे? आणि न ठेवावे तर पाठवावयाचे कोठे? शाळेने तिला ठेवून घेतले.

१८८३ च्या सुमारास विद्यार्थिनींच्या एका निवासाची व्यवस्था पाहण्यासाठी सोफिया हॉपकिन्स नावाच्या एक बाई आल्या. त्या केप कॉड या समुद्राकाठच्या भागातील ब्रूस्टर गावच्या राहणाऱ्या. पती जहाजावरचे कप्तान होते. ते वारले होते. एकुलती एक मुलगी फ्लॉरेन्स, तीही ऐन वयात गेली होती. रिकाम्या घरात बसून दिवस कंठण्यापेक्षा दुसऱ्यांच्या मुलींचे काही करावे, असे मनात आणून त्या पर्किन्सला आल्या होत्या. फ्लॉरेन्स असती तर ॲनीच्याच वयाची असती.

हॉपकिन्सबाई स्वभावाने साध्या आणि शांत. त्यांनी ॲनीला उपदेश केला नाही. तिचे फाटके कपडे नीट करून द्यावेत, जेवणखाण पाहावे, रुसली तर रुसू द्यावे आणि पुन्हा हाक मारावी, असा त्यांचा क्रम होता. पुढे उन्हाळ्याची सुट्टी आली, तेव्हा त्या तिला आपल्या घरी ब्रूस्टरला घेऊन गेल्या. आयुष्यात प्रथमच ॲनीला 'सुट्टीत घरी' जावयास मिळाले. समोर अफाट समुद्र, वाळूचे लांबच लांब किनारे, घरात हॉपकिन्सबाई आणि त्यांची वृद्ध आई. वाटेल तेव्हा फिरावे, वाटेल तेव्हा वाचावे. आपली मुलगी गमावलेली आई आणि आपली आई गमावलेली मुलगी एका छपराखाली राहू लागली.

एकदा मात्र ॲनीने मोठाच अपराध केला. १८८३ मध्ये राज्याचे गव्हर्नर बेंजामिन बटलर यांनी ट्यूक्सबरीच्या कारभाराची जाहीर चौकशी आरंभिली. वर्तमानपत्रे त्या हकिकतींनी भरून गेली. पर्किन्समधील मुली ते ऐकून शहारत. आणि त्यांच्यातच बसलेली ॲनी तोंडातून चकार शब्द काढीत नसे. शेवटी तिला राहवले नाही. परवानगी न घेता ती ती चौकशी ऐकावयास गेली. ही गोष्ट उघडकीस आली, तेव्हा अनाग्नोस भयंकर संतापले. तिला शाळेतून काढून टाकण्यापर्यंत पाळी आली. शाळा सुटली असती तर तिला जागा एकच होती, जेथून ती आली तीच. त्या वेळी हॉपकिन्सबाई मध्ये पडल्या. या मुलीची जबाबदारी माझ्याकडे राहील, असे त्यांनी सांगितले आणि ॲनी शाळेत राहिली. आजवर तिच्यासाठी एवढे कोणी बोलले नव्हते.

त्याच निवासात आणखी एक व्यक्ती राहत होती. तिचे नाव लॉरा ब्रिजमन. लॉराबाईंचा जन्म १८२९ चा. दोन वर्षांच्या असताना लोहितज्वराने त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८३७ मध्ये पर्किन्सचे पहिले संचालक डॉ. सॅम्युएल ग्रिडली हौ यांनी त्यांना शाळेत आणले आणि अपार परिश्रम करून त्यांना भाषा शिकविली. हौ यांच्या यशाने त्या काळी जगाला थक्क केले. प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये लॉराला भेटले आणि आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात त्यांनी तिच्याविषयी लिहिले. पण कीर्ती ही येते तशी जाते. आता लॉराबाईंनी पन्नाशी ओलांडली होती, डॉ. हौ १८७६ मध्येच निवर्तले होते. पूर्वीसारखे पाहुणे येत नव्हते. त्या आपल्या खोलीत सुईकाम व विणकाम करीत बसत. त्यांच्याशी बोलावयाचे तर एकच मार्ग होता. प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक ठरावीक खूण असते. ती खूण त्यांच्या तळहातावर करावयाची. असे अक्षराला अक्षर जोडून शब्द आणि शब्दाला शब्द जोडून वाक्य होई. काम फार चिकाटीचे होते.

ॲनीने ही करपल्लवी शिकून घेतली. शाळेत येताना जिला एकही अक्षर येत नव्हते, ती आता दुसऱ्याच्या हातावर भराभर अक्षरे उमटवू लागली. ती लॉराबाईंपाशी जाऊन बसे आणि त्यांच्याशी बोले. लॉराबाई नीटनेटकेपणाच्या बाबतीत कडक होत्या. गबाळेपणा त्यांना खपत नसे. ॲनी तर मुलखाची तापट. तरी या दोघींचे जमले. असे का झाले असावे? ॲनीवर दया करणारे लोक तिला पूर्वीही भेटले होते. दयेचा तिला वीट आला होता. येथे मात्र तिच्यावर दया करावयाची नव्हती, तिची वाट पाहिली जात होती. ॲनी आली म्हणजे लॉराबाईंच्या अंधाऱ्या, निःशब्द खोलीत बाहेरचे जग येई. ॲनी नाही आली, तर ते तितके येत नसे. शाळेतील ॲनीची जागा जर कोणी निश्चित केली असेल, तर ती एका म्हाताऱ्या होऊ लागलेल्या बाईच्या उघड्या तळहाताने.

पुढची वर्षे भराभर गेली. राग एकदम गेला नाही. स्वभाव असे एका रात्रीत पालटत नाहीत. पण लहान वर्गात बसविलेली ती मुलगी सहा वर्षांत सर्वांच्या पुढे गेली. जून १८८६ मध्ये बॉस्टनच्या ट्रेमाँट टेंपल सभागृहात पदवीदान समारंभ झाला. शुभ्र पोशाख केलेली वीस वर्षांची ॲनी व्यासपीठावर उभी राहिली आणि आपल्या वर्गाच्या वतीने निरोपाचे भाषण तिनेच केले. एके काळी जिच्या मुक्या तोंडाला मुली हसल्या होत्या, तिच्या भाषणाची वर्तमानपत्रांनी वाखाणणी केली.

समारंभ आटोपला, आणि पुन्हा तोच जुना प्रश्न दारात उभा राहिला : आता जावयाचे कोठे? ॲनी हॉपकिन्सबाईंच्या घरी ब्रूस्टरला गेली. ऑगस्टमध्ये तेथेच अनाग्नोस यांचे पत्र आले. दूर दक्षिणेला, अलाबामा राज्यातील टस्कंबिया गावी केलर नावाच्या कुटुंबात सहा वर्षांची एक अंध आणि बधिर मुलगी होती. तिच्या आईने डिकन्सच्या पुस्तकात लॉरा ब्रिजमनची हकिकत वाचली होती; त्यातूनच या कुटुंबाची शोधाशोध सुरू होऊन ती पर्किन्सपर्यंत येऊन पोहोचली होती. त्या मुलीला शिकविण्यास एक शिक्षिका हवी होती. ॲनीने काम पत्करले. काही महिने तिने पर्किन्समध्ये राहून डॉ. हौ यांनी लॉराच्या शिक्षणाविषयी लिहून ठेवलेली टिपणे काळजीपूर्वक वाचली.

निघताना शाळेतील अंध मुलांनी टस्कंबियाच्या त्या अनोळखी मुलीसाठी एक बाहुली दिली. बाहुलीचे कपडे लॉराबाईंनी स्वतः शिवले होते. ३ मार्च १८८७ रोजी ॲनी टस्कंबियाला पोहोचली. हेलन थोडा वेळ त्या बाहुलीशी खेळली, तेव्हा ॲनीने तिचा इवलासा हात हाती घेतला आणि त्यावर 'बाहुली' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे सावकाश उमटविली. हेलनला तो बोटांचा एक खेळ वाटला. तिने ती खूण तशीच करून दाखविली; अर्थ मात्र तिला कळला नाही. प्रत्येक वस्तूला नाव असते, ही गोष्टच तिला ठाऊक नव्हती.

महिनाभर असेच चालले. ५ एप्रिल रोजी ॲनीने हेलनला पाण्याच्या पंपाकडे नेले. एका हातावर थंड पाण्याची धार पडत असताना दुसऱ्या हातावर ॲनी 'पाणी' हा शब्द लिहीत राहिली. हेलन एकदम स्तब्ध झाली. तिच्या मुद्रेवर नवाच प्रकाश पसरला. मग तिने जमिनीकडे बोट दाखवून नाव विचारले, पंपाचे विचारले, आणि शेवटी वळून ॲनीकडे बोट करून तिचेही नाव विचारले. ॲनीने तिच्या हातावर लिहिले : शिक्षिका.

त्याच दिवशी ॲनी पत्र लिहावयास बसली. घडलेली सर्व हकिकत तिने त्यात सविस्तर लिहिली. हेलनच्या शिक्षणाची माहिती आज जगाला आहे, ती मुख्यतः अशा पत्रांमुळेच. १९०३ साली हेलन केलर यांचे आत्मचरित्र ग्रंथरूपाने निघाले, तेव्हा त्याच्याबरोबर ती छापली गेली. मन मोकळे करून लिहावे असे ॲनीला त्या काळी एकच माणूस होते. पाकिटावर पत्ता होता सोफिया हॉपकिन्स यांचा.